उतराई होणे शक्य आहे काय?

संशयी : ख्रिस्ती उपासनेत प्रार्थनेपासून प्रवचनापर्यंत जिचा उच्चार अखंड चाललेला असतो आणि जिच्याविषयी विचार मात्र क्वचितच होतो, अशी एक गोष्ट म्हणजे उपकारस्तुती. देवाने आपल्याला अपरंपार दिले, तेव्हा आपणही त्याला काही परत दिले पाहिजे, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्यात काही अडचण असेल अशी शंकाही ऐकणाऱ्याला येत नाही. मला ती अडचण फार मोठी वाटते. पन्नासाव्या स्तोत्रात देवाच्या मुखी जे शब्द घातले आहेत त्यांचा आशय असा, की रानातले पशू आणि डोंगरांवरची गुरेढोरे मुळात त्याचीच आहेत आणि त्याला भूक लागली तरी ती तो माणसाला सांगायला येणार नाही. जो सर्वथा पूर्ण आहे, ज्याला कशाचीही उणीव नाही, त्याला देणे म्हणजे नेमके काय करणे? आणि आपल्या देण्याने त्याच्या वैभवात यत्किंचितही भर पडत नसेल, तर परत देण्याची ही भाषा आपण कोणाच्या समाधानासाठी वापरतो? याहूनही मला भय वाटते ते त्या भाषेमुळे देवाचे जे रूप मनात उभे राहते त्याचे. आपला मुलूख सावकारीने गांजलेला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, आणि पुढे नगर जिल्ह्यातही, शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले, ते मुद्दल कितीदा फिटले तरी खतावणीतले आपले नाव कधी खोडले जात नाही या संतापाने. देवाचे उपकार हेही असेच न फिटणारे कर्ज असेल आणि जन्मभर आपण त्याचे केवळ व्याज भरत राहायचे असेल, तर शुभवर्तमान ज्या कृपेची घोषणा करते ती कृपा राहिली कोठे?

भाविक : तुमच्या आक्षेपाचा पूर्वार्ध मी निःशंकपणे मान्य करतो, कारण तो शास्त्रानेच तुमच्या आधी मांडलेला आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल विचारतो, की देवाला आधी काही देऊन त्याची भरपाई मागण्याचा हक्क आजवर कोणी मिळवला आहे. आणि त्या प्रश्नाला उत्तर नाही हेच त्याचे उत्तर आहे. मंदिराच्या बांधकामासाठी सोन्यारुप्याच्या राशी जमल्या, तेव्हा वृद्ध दावीद राजाने जी प्रार्थना केली तिच्यात दातृत्वाचा अभिमान औषधालाही नाही. उलट, असे देण्याची ऐपत आम्हांला यावी असे आम्ही कोण, जे तुझ्या हातून मिळाले तेच तुझ्यापुढे ठेवतो आहोत, असा तिचा भाव आहे. अर्पण ही परतफेड आहे असे दावीद मानीत नव्हता. आपल्या हातात जे आहे ते आपले नाही, ही त्याने सर्व प्रजेसमक्ष दिलेली कबुली होती. आपल्या देशात देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊनच मनुष्य जन्माला येतो आणि यज्ञ, अध्ययन व संतती यांच्या द्वारे ती फेडतो, अशी एक गंभीर आणि आदरणीय विचारपरंपरा आहे. ख्रिस्ती विचाराचा क्रम तिच्याहून निराळा आहे. येथे मुक्तता आधी येते आणि कर्तव्य मागाहून. १५६३ मध्ये जर्मनीत सिद्ध झालेल्या हायडेलबर्ग येथील प्रश्नोत्तरावलीचे तीन भाग मनुष्याची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता असे आहेत. आणि दहा आज्ञांचे विवरण तिच्या कर्त्यांनी घातले आहे ते तिसऱ्या भागात. सुटका व्हावी म्हणून आज्ञा पाळायच्या असा हा क्रम नाही. सुटका झाली आहे, म्हणून पाळायच्या. ज्याचे देणे संपूर्ण माफ झाले त्याच्या हातून आनंदाने जे घडते त्याला हप्ता म्हणणे अन्यायाचे होईल.

संशयी : हा भेद तत्त्वतः निर्मळ आहे, परंतु संस्थांच्या इतिहासात तो टिकलेला दिसत नाही, आणि मी इतिहासाकडे पाहून बोलतो. आनंदाने घडणाऱ्या गोष्टीचे दर ठरू लागले, की आनंद संपतो आणि वसुली सुरू होते. शार्लमेन राजाने ७७९ मध्ये हुकूम काढून दशांश सक्तीचा केला, आणि त्यानंतर हजार वर्षे युरोपातील कुणब्याच्या धान्यावर, लोकरीवर, दुधावर आणि कोंबड्यांवर धर्मसंस्थेचा हक्क सरकारी साऱ्याच्या जोडीने चालत राहिला. इंग्लंडात क्वेकर पंथाच्या लोकांनी सदसद्विवेकाला स्मरून दशांश नाकारला, तेव्हा त्यांची जनावरे आणि भांडीकुंडी जप्त झाली, कित्येकांना कैद भोगावी लागली. फ्रान्समध्ये हा कर नाहीसा होण्यास १७८९ ची राज्यक्रांती घडावी लागली, आणि इंग्लंडात धान्याच्या वसुलीचे रूपांतर रोख आकारणीत होण्यास १८३६ चा कायदा व्हावा लागला. जी गोष्ट अंतःकरणातून उमटावयाची ती जप्तीच्या वॉरंटाने घेतली जाऊ लागली, तर तिला कृतज्ञता हे नाव कसे राहील? सक्ती गेली तरी दुसरा विकार शिल्लक आहेच. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथातला एक उतारा घेऊन, दशांश भरा म्हणजे आकाशाची द्वारे उघडतील, असे आश्वासन व्यासपीठावरून दिले जाते. आणि ऐकणारा मनुष्य नोकरी, बढती, मुलीचे लग्न आणि कोर्टातला दावा या सर्वांची त्या आश्वासनाशी सांगड घालून पाकिटात नोटा भरतो. नवस बोलणाऱ्या आपल्या शेजाऱ्याला तो अंधश्रद्ध म्हणतो. पण शेजारी निदान काम झाल्यावर नवस फेडतो, आणि हा काम व्हावे म्हणून आगाऊ रक्कम भरतो, एवढाच काय तो दोघांत फरक. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश काटेकोरपणे देऊन न्याय व दया यांना विसरणाऱ्या शास्त्र्यांची आणि परुश्यांची प्रभू येशूने जी कानउघाडणी केली, ती या हिशेबी भक्तीला लागू नाही काय?

भाविक : लागू आहे, आणि देवाबरोबर केलेला सौदा ही कृतज्ञता नव्हे, हे मी तुमच्याहून जोराने म्हणेन. मात्र ज्या नियमाचा असा दुरुपयोग झाला त्याचे मूळ स्वरूप पाहिल्यावाचून त्याला दोष देणे न्याय्य होणार नाही. मोशेच्या नियमशास्त्रात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश आपापल्या गावच्या वेशीच्या आत ठेवण्यास सांगितले आहे, ते ज्याला वतन नाही त्या लेवीयाने आणि गावात राहणारा परका, पोरका व विधवा यांनी तृप्त होईपर्यंत जेवावे म्हणून. लेवीय नावाच्या ग्रंथात शेताचे कोपरे कापू नयेत आणि पडलेला सरवा वेचू नये असा जो दंडक आहे, त्याचा अर्थही हाच, की देवाच्या हक्काचा म्हणून जो भाग राखून ठेवायचा तो गरिबाच्या हक्काचा भाग होय. पहिल्या शतकांतील मंडळ्यांचे वर्तन या मूळ हेतूला धरून होते. इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन या हुतात्म्याने रोमन बादशहापुढे जी कैफियत मांडली तिच्यात तो सांगतो, की रविवारच्या उपासनेत ज्यांना ऐपत आणि इच्छा आहे ते देतात, आणि जमलेला निधी पोरके, विधवा, आजारी, कैदी आणि परदेशी यांच्याकडे लावला जातो. त्यानंतर चाळीस वर्षांनी आफ्रिकेतील टर्टुलियन लिहितो, की आमच्यात कोणावर जबरदस्ती नाही. महिन्यातून एकदा ज्याला जमेल त्याने स्वेच्छेने द्यावे, आणि ते गरिबांच्या अन्नासाठी व अंत्यविधीसाठी खर्चावे, अशी आमची रीत आहे. पौलानेही करिंथ येथील मंडळीला जे लिहिले त्यात सक्ती आणि कुरकुर दोन्ही वर्ज्य केली आहेत. तरी त्याच मंडळीला त्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला काढावे असेही सांगितले. नियमितपणा आणि सक्ती या एकच गोष्टी नव्हेत. मिझोराममधील मंडळ्यांत १९१० च्या सुमारास स्त्रियांनी एक रीत सुरू केली : स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना प्रत्येक वेळी त्यातील एक मूठ देवाच्या नावाने वेगळ्या भांड्यात टाकायची. त्या मुठीमुठींतून मंडळीचा केवढा तरी कार्यभार उभा राहिला. त्या गृहिणीला कोणी नोटीस पाठवली नव्हती. मनात उसळून आलेला भाव हात वळवण्याआधीच ओसरतो, हे ओळखून तिने त्या भावाला रोजच्या कामाचे वळण दिले.

संशयी : तुम्ही मूठभर तांदळाचे उदाहरण दिलेत आणि त्यानेच मला माझ्या सर्वांत कठीण आक्षेपाकडे आणले, कारण ती मूठ ज्या घरातून निघते ते घर भरल्या कणगीचे नसते. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट अर्पणाच्या प्रवचनात हटकून सांगितली जाते, आणि मार्काने ती कोठे घातली आहे हे मात्र कोणी सांगत नाही. तिच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे, आणि तिच्या लगेच नंतर त्या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही हे भविष्य आहे. आपली सगळी उपजीविका ज्या संस्थेच्या पेटीत तिने टाकली त्या संस्थेवर प्रभूने असा निकाल दिला असता, त्याने तिचे केवळ कौतुक केले की तिच्यासाठी शोकही केला, हा प्रश्न मला सतावतो. दशांशाचा भार श्रीमंताला जाणवत नाही आणि गरिबाच्या ताटातला घास नेतो, हे तर साधे गणित आहे. पण पैशापेक्षाही कृतज्ञतेच्या मागणीचाच भार अधिक असतो. नगर, जालना, सोलापूर या भागांतील मंडळ्यांत जे आले ते बहुतांशी गावकुसाबाहेरचे लोक होते. पिढ्यान् पिढ्या त्यांनी शिळ्या भाकरीच्या तुकड्यासाठी वाड्यासमोर उभे राहून जोहार घातला होता; राबणूक त्यांची आणि उपकार मात्र गावाचे, अशी ती व्यवस्था होती. अशा मनुष्याला नव्या धर्मात आल्यावरही पहिला पाठ उपकार मानण्याचाच द्यायचा, शाळेबद्दल, दवाखान्याबद्दल, परदेशातून आलेल्या धान्याबद्दल कृतज्ञ राहायला शिकवायचे, तर त्याच्या मानेचा बाक कधी निघणार? कृतज्ञता हा सद्गुण आहे हे खरे. परंतु बलवानाने दुर्बलाकडून ती अपेक्षिली की ती त्याला जागच्या जागी ठेवण्याचे साधन बनते, आणि त्या अपेक्षेवर देवाच्या नावाची मोहोर उमटवली की दुर्बलाला तक्रार करण्याचीही सोय राहत नाही.

भाविक : या आक्षेपापुढे घाईने उत्तर देणे हा त्या लोकांचा अपमान होईल, म्हणून मी आधी हे कबूल करतो, की ख्रिस्ती कार्यात उपकारकर्त्याचा ताठा शिरला होता आणि त्याने जखमा केल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ही गोष्ट तीव्रतेने जाणवली होती. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, मिशनच्या आश्रयाखाली पुष्कळ वर्षे काम केले, आणि अखेरीस १९१७ मध्ये ती पगारी नोकरी सोडून सातारा येथे बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उघडला. परक्याच्या ताटाखाली राहून या देशातील ख्रिस्ती मनुष्य ताठ उभा राहू शकणार नाही, ही त्यांची धारणा होती. आणि तरीही त्यांच्या रचनेत कृतज्ञतेचा स्वर जितका भरून राहिला आहे तितका क्वचितच कोणाच्या रचनेत असेल. या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाही. जो मनुष्य आपले अन्न, श्वास आणि आयुष्य देवाच्या हातून घेतो, त्याला वाड्यातल्या धन्याला अन्नदाता म्हणण्याचे कारण उरत नाही. खरी कृतज्ञता वर गेली म्हणजे खोटी कृतज्ञता गळून पडते. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी जो एकटा परत आला तो शोमरोनी होता, म्हणजे यहुद्यांच्या लेखी ज्याच्या पंक्तीला बसू नये असा. त्याच्याकडून कोणी आभार मागितले नव्हते. त्याला याजकाकडे जाण्यास सांगितले होते, आणि तो वाटेतून आपल्या मनाने वळला. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी जी वर्गणी जमवली तिच्यात अत्यंत हलाखीत असलेल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांनी आम्हांलाही या सेवेत भाग द्या अशी त्याच्याकडे विनवणी केली. ज्यांना जगाने केवळ घेणारे ठरवले आहे त्यांच्या मनात देणारे होण्याची जी आकांक्षा असते, तिचा अव्हेर करणे हाही एक अन्यायच आहे. त्या विधवेच्या हातातून दोन टोल्या काढून घेणारे शास्त्री दोषी आहेत, हे तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. परंतु तिने दिले या गोष्टीचा मान तिच्याकडून हिरावून घेऊ नका.

संशयी : तो मान तिच्याकडेच राहो. आता मी अशा लोकांविषयी विचारतो की ज्यांना देण्यासारखे काही उरलेले नाही, आणि ज्यांच्यापुढे उपकारस्तुतीचा उच्चार करताना जीभ अडखळावी. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगताना आपण अकराव्याला विसरतो : जो त्या दिवशी त्या वाटेवर नव्हता, आणि जो बरा झाला नाही. सुगीच्या उपासनेत वेदीपुढे कणसे, भोपळे आणि उसाची मोळी मांडलेली असते. पण ज्याच्या शेतात त्या वर्षी पाऊसच पडला नाही त्याने कोणत्या तोंडाने ते गीत म्हणावे? साथीतून एक मूल वाचले आणि शेजारच्या घरातील गेले, तर वाचलेल्याच्या आईने मांडलेली उपकारस्तुती शेजारणीच्या कानावर कशी पडत असेल? देवाने मला वाचवले असे म्हणताना, त्याने तिला वाचवले नाही हे वाक्य आपण न उच्चारता उच्चारीतच असतो. म्हणून मला पुष्कळदा असे वाटते, की कृतज्ञता ही सुखरूप असलेल्यांची भाषा आहे, आणि ती दुःखितांवर लादणे हे क्रौर्य आहे.

भाविक : लादणे हे क्रौर्यच आहे. परंतु ही भाषा केवळ सुखरूपांनी घडवली हे मात्र खरे नाही. आभाराच्या ज्या गीताला जर्मन मंडळ्यांत राष्ट्रगीताइतका मान आहे त्याचा कर्ता मार्टिन रिंकार्ट हा आयलेनबुर्ग येथील पाळक. तीस वर्षांच्या युद्धात आश्रितांनी खच्चून भरलेल्या त्या गावात १६३७ मध्ये प्लेग आला, इतर पाळक मरण पावले किंवा निघून गेले, आणि याने हजारो प्रेते आपल्या हातांनी मातीआड केली. त्यांत त्याची पत्नीही होती. ते गीत त्याने त्याच काळाच्या आसपास, घरच्या जेवणाच्या वेळी म्हणावयाचे म्हणून रचले. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. तीर्थाटनाच्या वणवणीत दुष्काळाने गाठले आणि अन्नावाचून त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेली. आपल्याला देवाने का वाचवले या प्रश्नाचे उत्तर त्यांनी युक्तिवादाने दिले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या, त्यांना केडगाव येथील मुक्तिसदनात आसरा दिला, आणि पुढे इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या. सदनातील स्त्रियांनीच छापलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचलेल्याने न वाचलेल्याच्या बाजूला जाऊन उभे राहणे, याहून तुमच्या अकराव्या कुष्ठरोग्याला देता येण्यासारखे उत्तर मला ठाऊक नाही. आणि स्तोत्रसंहितेत स्तुतीइतकाच विलापही आहे, हे आपल्या उपासनेने विसरू नये. ज्याला रडायचे आहे त्याला रडू न देणारी मंडळी आभार मानायलाही कोणाला शिकवू शकणार नाही. प्रभूने भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली ती धरून दिले जाण्याच्या रात्री केली; मरण गोड वाटले म्हणून केली नाही, कारण त्याच रात्री गेथशेमाने बागेत त्याने तो प्याला दूर व्हावा अशी विनवणी केलेली आहे.

संशयी : मग आपण दोघांनी इतके तरी निश्चित केले, की कृतज्ञता प्रत्येकाने आपल्यापुरती मानावयाची आहे आणि दुसऱ्याकडून ती वसूल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तुमच्या सर्व उदाहरणांतून माझ्या मनात एक नवाच प्रश्न उभा राहतो. नियमशास्त्रातला दशांश परक्याच्या आणि पोरक्याच्या पोटात गेला, जस्टिनचा निधी कैद्यांकडे गेला, रमाबाईंचे आयुष्य दुष्काळातल्या मुलींसाठी गेले. देवाला दिले असे म्हणताना प्रत्येक वेळी ते माणसालाच मिळाले आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दृष्टांतात प्रभूनेही भुकेल्याला दिलेले आपल्यालाच दिले असे मानले आहे. असे असेल तर मध्ये देवाचे नाव हवेच कशाला? देव न मानणारा सज्जनही भुकेल्याला अन्न घालतो, आणि कदाचित अधिक निरपेक्षपणे घालतो. उलट देवाचे नाव मध्ये आले की पळवाटा निघतात : आईबापांच्या पोषणाचा पैसा देवाला कुर्बान म्हणजे अर्पण केला असे सांगून कर्तव्यातून अंग काढून घेणाऱ्यांना प्रभूने याच कारणासाठी फटकारले होते.

भाविक : देव न मानणाऱ्या सज्जनाच्या दानाला मी कमी लेखणार नाही, त्याच्या हातची भाकरी भुकेल्याला तितकीच पोसते. देवाचे नाव मध्ये येण्याने जो फरक पडतो तो, माझ्या मते, देणाऱ्याच्या हक्कात पडतो. मी माझे म्हणून दिले तर घेणाऱ्याच्या आभारावर माझा काही हक्क राहतो, मी तो बजावला नाही तरी राहतो. आणि तुम्ही वर्णन केलेला जोहार त्या हक्कातूनच जन्मला. परंतु जे दिले ते मुळात माझे नव्हतेच, मला फुकट मिळाले होते, आणि मी ज्याचा ऋणी आहे त्याने ते अमक्याकडे पोचवण्यास सांगितले, असे मी मनोमन मानीत असेन, तर घेणाऱ्यापुढे मी उपकारकर्ता म्हणून उभाच राहू शकत नाही. तो आणि मी एकाच दारचे याचक ठरतो. कृतज्ञता देवाकडे जाते आणि दान शेजाऱ्याकडे, आणि या दोहोंच्या वाटा वेगळ्या असल्यामुळेच शेजारी माझ्या दानाखाली वाकत नाही. उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नये, हा प्रभूचा आदेश मला याच अर्थाने समजतो. देवाला परत देणे म्हणजे माणसाला असे देणे, की त्याच्याकडून आभाराचीही परतफेड घ्यायची नाही.

संशयी : ही कसोटी मला पटते, आणि पटते म्हणूनच मी ती आधी मंडळीला लावू इच्छितो. बाकांवर, घड्याळांवर, वेदीच्या संगमरवरावर आणि पंख्याच्या पात्यांवरदेखील देणगीदारांची नावे रंगवलेली आपण पाहतो. सुगीच्या लिलावात एका नारळाची किंमत चढत जाते ती सभेच्या डोळ्यांदेखत चढते. देणाऱ्याने घेणाऱ्यावरचा हक्क सोडावा हे खरे, तर त्याने समुदायावरचाही हक्क सोडायला नको काय? मंडळीचा जमाखर्च पै न् पै खुला असावा आणि देणाऱ्यांची नावे झाकलेली असावीत, असे या कसोटीचे फलित निघते. आपण याच्या अगदी उलट वागतो. आणि तरीही माझी मूळ शंका अजून संपूर्ण फिटलेली नाही. कृतज्ञता मागण्याचा हक्क माणसाला नाही हे आपण ठरवले. परंतु परत आलेल्या शोमरोन्याला पाहून प्रभूने बाकीचे नऊ जण कोठे आहेत असे विचारलेच होते. ज्याला काही उणे नाही त्याने तो प्रश्न का विचारला? त्याला आभाराची अपेक्षा असेल, तर देवाला माणसाकडून काही हवे असते असे म्हणावे लागते. आणि नसेल, तर त्या प्रश्नातील खेद कोणासाठी होता?

भाविक : तो खेद त्या नऊ जणांसाठीच होता असे मी आजवर मानीत आलो, कारण त्यांना त्वचा मिळाली आणि ती देणारा मिळाला नाही. पण तेवढ्याने तुमच्या प्रश्नाचे समाधान होत नाही हे मला दिसते. प्रेमाला उत्तराची गरज नसते आणि तरीही ते उत्तराची वाट पाहते. ही गोष्ट परिपूर्ण देवाच्या ठायी कशी संभवते, हे सांगण्याचे सामर्थ्य माझ्या तर्कात नाही, आणि आपल्या धर्मशास्त्रज्ञांनी त्याचे जे खुलासे केले आहेत त्यांपैकी कोणताही मला अखेरचा वाटत नाही. तो प्रश्न आपल्या दोघांपुढे तसाच राहो. मात्र आचरणाविषयी संदिग्ध राहण्याचे आपल्याला कारण नाही. ज्यांच्या हाती मंडळीचा खजिना आहे त्यांनी देणगीदारांच्या नावांच्या पाट्या उतरवाव्यात, हिशेब सर्वांपुढे ठेवावा, आणि ज्या घरात चूल पेटण्याची भ्रांत आहे त्या घराकडे अर्पणाची थैली नेण्याआधी तेथे धान्य पोचवावे. आणि आपण, जे दर रविवारी उपकारस्तुती करतो, त्यांनी ज्याला कधी काही दिले असेल त्याला त्याची आठवण यापुढे शब्दाने, नजरेने वा अपेक्षेने एकदाही करून देऊ नये.